सुसंगती आकार

माझी नात शर्वरी हिचं लग्न झालं ते साल २०४१. अकरा मे, शनिवार. मांडव दारातच घातला होता आणि उन्हानं पत्रे तडतडत होते. सगळे घामानं निथळत होते. माझे मालक बाळासो मात्र आपल्या खोलीतला पंखा बंद करून, खांद्यावर शाल घेऊन बसले होते. हा माणूस कधी पौषातही पंख्याशिवाय झोपला नव्हता. व्याही म्हणाले, नातजावयाला बघून मामांना हीव भरलं. सगळे हसले. मीही हसले.

जूनमध्ये विजेचं बिल आलं, त्यात एक नवी ओळ होती.

आमचं गाव पंचगंगेकाठचं, मागांचं. मी चाळीस वर्षं कांड्या भरल्या. धोट्यात बसते ती सुताची कांडी. मालक वहिफणी करायचे, म्हणजे बीमवरचे, ताण्याच्या मोठ्या रुळावरचे, हजारो धागे एकेक करून फणीतून ओवायचे. सगळ्या गावाचं पोट विजेवर. आमच्याकडे पोरांना पाढ्यांआधी युनिटचा दर पाठ होतो. मला अक्षरं एकोणपन्नासाव्या वर्षी आली, नगरपालिकेच्या संध्याकाळच्या वर्गात. तेव्हापासून बिलावरची एकही ओळ मी सोडत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी गल्लीतल्या बायका आपापली बिलं घेऊन माझ्या उंबऱ्याशी येत आणि मी ती मोठ्यानं वाचून दाखवत असे. बिल फोनवर फुकट यायचं, कागदावर हवं तर अकरा रुपये जादा. तरी आम्ही कागदच घेत होतो. फोनवरची ओळ उद्या बदलली तर कोणाला दाखवणार?

वीज आकार, स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन, वीज शुल्क. इतक्या वर्षांत या ओळींची सवय झाली होती. आता त्यांच्याखाली होतं: सुसंगती आकार. पुढं कंसात श्रेणी, शून्यापासून नऊपर्यंत कोणताही आकडा, आणि त्याप्रमाणे रक्कम. या आकारावर पुन्हा शुल्क. जूनमध्ये बहुतेकांची श्रेणी शून्य किंवा एक होती. माझीही एक. आमच्या शेजारची, माझी धाकटी जाऊ बेबी, हिची दोन.

बेबी म्हणाली, लग्नाच्या लाइटच्या माळा तुमच्या दारावर आणि भुर्दंड माझ्यावर. मलाही तसंच वाटलं. मी तिला म्हटलं, वरचे पैसे माझ्याकडून घे. तिनं घेतले नाहीत, पण चार घरी सांगितलं.

इथं आमच्या गल्लीची एक रीत सांगायला हवी. शंभर युनिटच्या आत दर स्वस्त, एक युनिट वर गेलं की महाग. म्हणून ज्याचा वापर जास्त तो शेजाऱ्याच्या मीटरवरून एक वायर घेतो, आणि शेजाऱ्याला त्या बदल्यात दूध, पीठ, काहीतरी देतो. भिंतीला भोक नाही असं घर आमच्या गल्लीत नव्हतं. आमच्या दोन घरांतही माझ्या दिरांनी असंच भोक पाडून दिलं होतं. त्याला अकरा वर्षं झाली. दीर गेले, भिंतीला दोनदा रंग बसला, आणि ती वायर आम्ही विसरून गेलो. तिच्या बदल्यात बेबीला रोज अर्धा लिटर दूध जायचं, ते तेवढं चालू राहिलं. का चालू आहे हे कोणी विचारत नव्हतं.

ऑगस्टमध्ये खारगे गुरुजींची श्रेणी सहा आली. त्यांच्या सूनबाईनं कंपनीत जाऊन भांडण केलं, की आमच्या घरात नवीन एक बल्बही लावलेला नाही. काउंटरवरच्या मुलीनं छापील कागद दिला. त्यात लिहिलं होतं, ग्राहकाच्या वापरातील विसंगतीमुळे येणाऱ्या खर्चाची वसुली. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गुरुजी हृदयविकारानं गेले. पुढच्या महिन्यात जैबूनच्या सासूची श्रेणी सात होती, आणि दिवाळीच्या आत तीही गेली. बिराजदारांची श्रेणी चारवर गेली तेव्हा सगळे त्यांच्या म्हाताऱ्याकडे बघू लागले. पण म्हातारा ठणठणीत राहिला आणि सुनेला दिवस गेल्याचं कळलं. कंपनीला ते सासूच्या आधी कळलं होतं.

मी वहीत एकेका घराचा आकडा लिहीत होते. मागची पानं उलटून बघितली. बेबीचा आकडा दोन, दोन, तीन, चार असा चढत होता. दिवाळीनंतर पाच.

कंपनीच्या कार्यालयात तौफिक मुल्लाणी नावाचे कनिष्ठ अभियंता होते. त्यांची आई माझ्यासोबत कांड्या भरायची, त्यामुळे ते मला मावशी म्हणत. मी वही घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी पाच-सहा पानं उलटली आणि उठून दार लावलं. दार लावणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही. पण त्यांनी जे सांगितलं ते खोटं नव्हतं.

प्रत्येक उपकरण आपापल्या पद्धतीनं वीज ओढतं. मोटार सुरू होताना क्षणभर अधाशासारखी ओढते, मग शांत होते. हीटर पायरी चढल्यासारखा एकदम वर जातो आणि तिथंच राहतो. पंख्याची लाट वेगळी, दिव्याची वेगळी. जुनं मीटर फक्त सगळ्याची बेरीज करायचं. नवं मीटर सेकंदाला हजारो वेळा नोंद घेतं, आणि एकमेकींत मिसळलेल्या लाटांतून एकेक उपकरण वेगळं ओळखतं. मला ते लगेच समजलं. शेडमध्ये चाळीस माग धडधडत असतात, तरी कुठला माग बिघडला हे माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला नुसत्या कानानं कळतं, तसंच ते.

पुढचं समजायला जरा वेळ लागला. कंपनीला उद्याची वीज आजच विकत घ्यावी लागते. अंदाज चुकला की तोटा. म्हणून लाखो घरांच्या नोंदी एका यंत्राला दिल्या आणि कोणतं घर उद्या कसं वागेल हे ओळखायला लावलं. आजार म्हणजे काय हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. पण त्यानं आपोआप एक गोष्ट हेरली. काही घरांच्या सवयी आधी थोड्या हलतात. न्हाणीतला दिवा रात्री जास्त वेळा लागतो, इस्त्री बंद होते, मिक्सर जास्त फिरतो, पंखा नको होतो. आणि अशी घरं काही महिन्यांत पार बदलतात, पुन्हा पहिल्यासारखी होत नाहीत. अशा घराचा अंदाज चुकणार, म्हणून त्याच्याकडून आधीच वसूल करायचं. तोच सुसंगती आकार.

"म्हणजे तुम्हाला आधी कळतंय," मी म्हटलं. "मग सांगत का न्हाई?"

मुल्लाणी खिडकीबाहेर बघत होते. "कळवायची परवानगी नाही, मावशी. आकारायची आहे."

मी बेबीचं विचारलं. ते म्हणाले, एकेका घराचा तपशील मला दाखवता येत नाही. पण पाच म्हणजे थांबू नका, मिरजेला घेऊन जा.

मी घरी येऊन गप्प बसायला हवं होतं. मी बसले नाही. त्या रविवारी बायकांना मी सगळं सांगितलं. माझा हेतू एवढाच होता की ज्यांचा आकडा चढतो त्यांनी वेळेवर डॉक्टर गाठावा. बायकांनी ऐकलं, आणि सगळ्यांच्या नजरा बेबीकडे वळल्या.

त्या दिवसापासून गल्लीचं वागणं बदललं. कोणी कोणाला बिल दाखवेना. आकडा किती आला हे चेहऱ्यावरून ओळखायचा प्रयत्न सुरू झाला. कोणी न्हाणीत चिमणी लावू लागलं, कोणी नको असताना इस्त्री तापवून ठेवू लागलं, म्हणजे मीटरला सगळं ठीक वाटावं. बिराजदारांचा म्हातारा थंडीत पंख्याखाली झोपून खरोखर आजारी पडला. आमची बारा जणींची भिशी होती. डिसेंबरमध्ये नवी भिशी सुरू झाली तेव्हा डब्यात बेबीच्या नावाची चिठ्ठी टाकली नाही. कोणी कारण सांगितलं नाही. ज्या बाईची चिठ्ठी लवकर निघेल आणि वर्ष संपायच्या आत जी राहणार नाही, तिचे पुढचे हप्ते कोण भरणार, हे कारण सगळ्यांना न सांगता ठाऊक होतं. मी तिथं होते. मीही बोलले नाही.

बेबीचा पुतण्या संदेश, तिच्या माहेरचा, तीन वर्षांत एकदाही आला नव्हता. तो आता आठवड्याला यायला लागला. येताना सफरचंदं आणायचा आणि जाताना घराच्या उताऱ्यावरची नावं विचारायचा.

जानेवारीत मी बेबीला मिरजेला नेलं. रक्त, लघवी, छाती, पोट, सगळं तपासलं. डॉक्टर म्हणाल्या, साठीच्या बाईचे इतके चांगले रिपोर्ट मी या महिन्यात पाहिले नाहीत. मी पुन्हा तपासा म्हटलं. त्या हसल्या. बेबी माझ्याकडे अशी बघत होती की मीच तिला आजारी पाडायला निघाले होते. परतीच्या एसटीत ती दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. दुसऱ्याच दिवशी घराला कुलूप घालून ती मिरजेला बहिणीकडे राहायला गेली. किल्ली माझ्याकडे न देता कोनाड्यात ठेवून गेली, तुळशीला पाणी घालायला.

महिनाभर घर बंद होतं. फेब्रुवारीचं बिल आलं. बेबीच्या बिलावर श्रेणी सात.

माझा संशय थेट संदेशवर गेला. बंद घरात कोणी तरी राहतंय. मी पुन्हा मुल्लाणींकडे गेले आणि म्हटलं, आता ही वीजचोरीची तक्रार आहे, आता तरी तपशील बघा. तक्रार लिहून दिल्यावर त्यांना बघावाच लागला. त्यांनी वाचून दाखवलं. रोज रात्री चार ते पाच वेळा न्हाणीतला दिवा. पहाटे आणि दुपारी पाणी तापवायचा हीटर. पंखा गेल्या मे महिन्यापासून बंद.

मी म्हटलं, कोण आहे तो?

"यंत्राला माणूस दिसत नाही, मावशी. बटण दिसतं."

मी घरी आले. दुपारचे तीन वाजले होते. कोनाड्यातली किल्ली काढून बेबीचं दार उघडलं. आत धूळ होती आणि धुळीत कोणाचं पाऊल नव्हतं. फ्रिज उघडा आणि रिकामा. सगळी बटणं वर. दाराजवळच्या मीटरवर एक बारीक तांबडा दिवा असतो, वीज ओढली की लुकलुकतो. तो मंद, थांबून थांबून लुकलुकत होता. मी त्याच्यापुढं उभी राहिले. मग भिंतीपलीकडे, माझ्या घरात, मालकांच्या चपला वाजल्या. बटण दाबल्याचा आवाज आला. तांबडा दिवा झरझर लुकलुकायला लागला.

मालकांनी पाय शेकायला पाणी तापत ठेवलं होतं.

अकरा वर्षांपूर्वी दिरांनी जी वायर ओढली ती मालकांच्या खोलीची होती. दिवा, पंखा, हीटर, न्हाणी, सगळं बेबीच्या मीटरवर. मी स्वयंपाकघरालगत झोपते आणि मला झोप गाढ लागते. नवऱ्यानं वैशाखात पंखा बंद केला, तर मी व्याह्यांच्या थट्टेवर हसले. आठ महिने मी गल्लीभरच्या आजाराचे आकडे वहीत उतरवत होते आणि माझ्या घरचा आकडा दुसरीच्या नावावर लिहीत होते.

मालकांना विचारलं तर म्हणाले, वय झालं, अंगाला खाज येते, पाय दुखतात, जेवण जात नाही, त्यात काय सांगायचं. दुसऱ्या दिवशी मिरजेला नेलं. दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ निकामी झाली होती. डॉक्टरांनी विचारलं, रात्री किती वेळा उठतात, कधीपासून? मला ते तारखेसकट सांगता आलं. ते म्हणाले, एवढं लक्ष होतं तर चार-सहा महिने आधी का आणलं नाहीत? तेव्हा औषधांनी बराच काळ रेटता आलं असतं. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस.

मी तिथूनच बेबीच्या बहिणीच्या घरी गेले. बेबी तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं नाही.

"मला म्हायत होतं," ती म्हणाली. "भाऊजी रात्री उठतात. भिंतीतनं बटण ऐकू येतंय मला. डॉक्टरीणबाईनं रिपोर्ट वाचला, तवाच कळलं मला, आकडा कुणाचा हाय ते."

"मग बोलली का न्हाईस गं?"

"मला वाटलं तुमाला म्हायतीय, आक्का. वायर तुमची. बिलं वाचणाऱ्या तुमी. मला वाटलं, जाणूनबुजून माझ्या अंगावर ढकलताय. भाऊजींस्नी काम मिळायचं बंद होऊ नये म्हणून."

मालक त्या वयातही महिन्याला दोन-तीन बीम ओवत होते. मला आधी कळलं असतं तर मी तसंच केलं असतं की नाही, हे मी तिला सांगू शकले नाही. अजूनही सांगू शकत नाही. तिनं महिनाभर माझ्यावर संशय घेतला. मी मात्र आठ महिने यंत्रावर घेतला, कंपनीवर घेतला, संदेशवर घेतला. ज्याच्याकडे नुसतं बघायचं होतं त्याच्याकडे बघितलं नाही.

गल्लीत परत आल्यावर मालकांचा आजार मी गुपचूप ठेवू शकत होते. डायलिसिसला जाताना गुडघेदुखी सांगितली असती तर कोणाला कळलं नसतं. मालकांचंही तेच म्हणणं पडलं. चाळीस वर्षं ज्यांचे धागे ओवले ते शेडवाले आता बीम अर्धा राहील म्हणून काम देणार नाहीत, एवढीच त्यांना काळजी होती. पण तो आकडा बेबीच्या नावावर होता, आणि तो तिथं होता तोवर बेबी गल्लीच्या लेखी मेल्यात जमा होती. मी वायरमन बोलावला. भिंत फोडून मालकांच्या खोलीची वायर माझ्या मीटरवर घेतली. आमचं बिल शंभर युनिटच्या वर गेलं. जाऊ दे म्हटलं.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी बायका आल्या. पूर्वीच्या निम्म्याच होत्या. बेबीला मी निरोप धाडला होता, तीही मिरजेहून आली आणि मागं भिंतीला टेकून उभी राहिली. तिचं बिल मी आधी वाचलं, पहिल्या ओळीपासून. वीज आकार, स्थिर आकार, वहन आकार. सुसंगती आकार, श्रेणी शून्य. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कोणी तरी म्हणालं, यंत्राला काहीतरी लावून आली असेल.

मग मी माझं वाचलं. मालक आत कॉटवर होते, दार उघडं होतं, त्यांना ऐकू जात होतं. सुसंगती आकार, श्रेणी आठ.

"हा आकडा बेबीचा कधीच नव्हता," मी म्हटलं. "आमच्या घरचा होता. वायर आमची हाय."

जैबून उठून मालकांपाशी गेली. बाकीच्या बसून राहिल्या. मे महिन्याच्या भिशीत बेबीच्या नावाची चिठ्ठी पडली आणि माझी काढली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट एवढंच वाटलं की कारण पुन्हा कोणी बोललं नाही. शेडवाल्यांचं काम तर बिल वाचलं त्याच आठवड्यात बंद झालं होतं. मालकांनी मला दोष दिला नाही. ओवायची आकडी फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवली आणि म्हणाले, डोळे तसेही गेले होते.

पावसाळ्यात मुल्लाणी एकदा घरी आले. त्यांनी कंपनीकडे लेखी विचारलं होतं, की श्रेणी पाचच्या वर गेली तर घरी नुसता एक फोन करता येईल का. उत्तर आलं होतं, तशी सेवा सुरू करता येईल, मात्र त्यासाठी स्वतंत्र सूचना आकार लावावा लागेल, आणि त्यावर नियमाप्रमाणे शुल्क. ते पत्र त्यांनी मला वाचायला दिलं. मी ते बोट ठेवून शेवटपर्यंत वाचलं आणि परत दिलं. त्यांनी चहा घेतला नाही.

बेबी आपल्या घरी राहायला आली होती. आठवड्यातले तीन दिवस ती आमच्यासोबत मिरजेला यायची आणि डायलिसिसचे चार तास मालकांच्या उशाशी बसायची. माझ्याशी बोलत नव्हती. मालकांशी बोलायची, शेडमधल्या जुन्या माणसांच्या नकला करून दाखवायची, आणि ते हसायचे. मी बाहेर बाकड्यावर बसून ऐकायची. एकदा ती बाहेर आली आणि म्हणाली, भाऊजी झोपलेत, तुम्ही जरा आत बसा. जानेवारीनंतर, मिरजेतली ती दुपार सोडली, तर तिनं स्वतःहून माझ्याशी बोललेलं तेवढंच.

माझे यजमान बाळासो तुकाराम सातपुते मिरजेच्या दवाखान्यात बुधवार, सतरा सप्टेंबर २०४२ रोजी सकाळी सव्वासातला वारले. ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. त्या वेळी त्यांच्याजवळ बेबी होती.